हेझ म्हणजे धुकं नव्हे

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. इंग्रजी ‘हेझ’ला मराठीत धुकं म्हटलं तर चालेल का, हा शब्द मुळात आला कुठून, आणि अमेरिकन कॉलेजांतल्या ‘हेझिंग’शी, म्हणजे आपल्या रॅगिंगशी, त्याचं काही नातं आहे का. सोबत अडलेलं एक वाक्यही पाठवलं आहे, एका दरीवर दुपारभर हेझ पसरून राहिल्याचं. मी गेली २६ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. हवामानाच्या बातम्या, प्रवासवर्णनं, कारखान्यांची माहितीपत्रकं अशा सगळ्या ठिकाणी हा शब्द मला भेटत आला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने मला थांबवलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते: चालणार नाही. धुकं ओलं असतं, हेझ कोरडा असतो. बाकी सगळं या एका फरकातून निघतं.

हा फरक मला पुस्तकातून कळला होता, पण पटला तो २३ जानेवारी २०२२च्या रविवारी. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि उत्तर कोकणावर आलं होतं. आमच्या ठाण्याच्या घरातून एरवी येऊरची टेकडी झाडंन्‌झाडं मोजता येतील इतकी स्पष्ट दिसते. त्या दिवशी टेकडी होती की नाही हेच कळेना. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, इतका तो फिका पडला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय धुकं पडलंय गं आज!” मी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढुरकी भुकटी लागली, टाल्कम पावडरसारखी. खाली उभ्या असलेल्या मोटारींवरही तोच थर. धुकं असतं तर कठडा दमट लागला असता, काचेवर थेंब जमले असते. इथे बोट कोरडं, वर खरखरीत. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांच्या तोंडी धुकंच होतं, आणि इंग्रजी मजकुरात ‘डस्ट हेझ’ लिहिलेलं होतं.

हवामानशास्त्राने ही वाटणी फार नेटकी केली आहे. जागतिक हवामान संघटनेच्या वर्गवारीत हवेत दिसणाऱ्या गोष्टींचे गट आहेत. पाण्यापासून झालेल्यांचा एक गट: पाऊस, दव, धुकं, विरळ धुकं. कोरड्या कणांचा दुसरा: धूळ, धूर, वाळूचं वादळ आणि हेझ. या दुसऱ्या गटाचं इंग्रजी नाव ग्रीक ‘लिथोस’पासून केलेलं आहे, आणि लिथोस म्हणजे दगड. म्हणजे हेझ हा पावसाच्या घरचा नाही, दगडधोंड्यांच्या घरचा आहे. डोळ्यांना वेगळे दिसणार नाहीत इतके बारीक कोरडे कण हवेत एवढे साठले, की हवा दुधट दिसू लागते. तो हेझ.

प्रत्यक्ष नोंद करताना निरीक्षक दोन गोष्टी बघतो, किती लांबचं दिसतं आणि हवेत किती दमटपणा आहे. १००० मीटरपेक्षा कमी अंतरापर्यंत दिसत असेल आणि कारण पाणी असेल तर ते धुकं, इंग्रजीत फॉग. १००० मीटरच्या पुढचं दिसत असेल, पण हवा ओली आणि दृश्य पुसट असेल, तर मिस्ट. तेवढंच पुसट, पण हवा कोरडी, तर हेझ. दमटपणाची सीमा देशोदेशी वेगळी धरतात, आपल्याकडे ती साधारण ७५ टक्क्यांवर आहे. जानेवारीत मुंबईत खारे वारे उशिरा सुटतात, तोवर रात्रभरातला धूर आणि धूळ शहरावर बसून असते. सकाळी साडेसातला जे मिस्ट म्हणून नोंदलं गेलं तेच ऊन तापल्यावर साडेदहाला हेझ होतं. कण बहुतेक तेच, त्यांच्या अंगावरचं पाणी तेवढं उडून गेलेलं. स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन या शास्त्रज्ञांनी १८८०च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिलं होतं, की हवेत धुळीचे सूक्ष्म कण नसतील तर वाफेला बसायला जागाच मिळत नाही आणि धुकं तयार होत नाही. म्हणून हे दोन शब्द शेजारी आहेत. पण शेजारी म्हणजे एक नव्हेत.

विमानतळांवरून ठरावीक वेळाने निघणाऱ्या हवामान-अहवालांत या सगळ्यांना दोन-दोन अक्षरांची खूण असते. हेझला एचझेड, फॉगला एफजी. ही दोन्ही अक्षरं त्या त्या इंग्रजी शब्दातली आहेत. मिस्टला मात्र बीआर आणि धुराला एफयू, कारण त्या खुणा फ्रेंचमधून घेतल्या आहेत: ‘ब्र्यूम’ म्हणजे विरळ धुकं, ‘फ्यूमे’ म्हणजे धूर. हे ‘फ्यूमे’ लॅटिन ‘फूमुस’वरून आलेलं, आणि फूमुस आणि आपला संस्कृत ‘धूम’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन फाटे आहेत. म्हणजे एखाद्या वैमानिकाला दिल्लीच्या अहवालात एफयू दिसतं तेव्हा त्या दोन अक्षरांत धूमाचा चुलतभाऊ बसलेला असतो. मिस्टचीही तीच गोष्ट. ‘मिस्ट’चं मूळ आणि ‘मेघ’चं मूळ एकच. ऋग्वेदात धुक्यासाठी ‘मिह्’ असा शब्दच आहे. रशियनमध्ये धूसर अंधाराला ‘म्ग्ला’ म्हणतात, तोही याच घरातला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून तासभर नुसते कोश चाळत बसले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मिस्टची वंशावळ हजारो वर्षं मागे नेता येते. हेझची तशी येत नाही. तरी जे सापडतं ते फार सुंदर आहे.

पहिली लक्षात ठेवायची गोष्ट: इंग्रजीत आधी ‘हेझ’ हे नाम आलेलं नाही. आधी आलं ‘हेझी’ हे विशेषण. ते १६२०च्या दशकात खलाशांच्या भाषेत सापडतं आणि त्या काळात त्याचं स्पेलिंगही आजच्यापेक्षा वेगळं, ‘हॉझी’ असं काहीसं केलेलं दिसतं. ‘हेझ’ हे नाम लेखी दिसतं ते १७०६च्या सुमाराला. मध्ये जवळजवळ ८० वर्षं गेली. म्हणजे समुद्रावरची माणसं आधी ‘हवा हेझी आहे’ असं म्हणत होती, आणि मग कधीतरी त्या ‘हेझी’ला मागून कापून ‘हेझ’ नावाची एक वस्तू तयार केली गेली. हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण तुमचं अडलेलं वाक्य इथेच सुटणार आहे.

मग ‘हेझी’ कुठून आलं? जुन्या इंग्रजीत ‘हसू’ असा शब्द होता, अर्थ राखाडी, करडा. आपल्या हसण्याशी त्याचा काही संबंध नाही, उच्चाराचा योगायोग आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, याचा भाऊ होता, ‘होस्स’, तोही राखाडी. हेझचं मूळ या ‘हसू’त असावं असा एक अंदाज आहे. ध्वनींच्या अंगाने तो अगदी बसतो. जुन्या इंग्रजीत ‘नामा’सारखा जो शब्द होता त्याचा पुढे ‘नेम’ झाला. त्याच वाटेने ‘हसू’चा ‘हेझ’ होऊ शकतो. अडचण अशी की ‘हसू’ जुन्या इंग्रजीत आणि ‘हेझी’ १७व्या शतकात, आणि मधली सलग साखळी हातात नाही. म्हणून प्रामाणिक कोश ‘कदाचित’ असं लिहितात, आणि आपणही तेवढंच म्हणावं.

पण या ‘हसू’ची दुसरी बाजू भक्कम आहे. राखाडी अर्थाच्या त्याच आदिम धातूपासून सशाचं नाव पडलं, कारण रानातला ससा करडा असतो. जर्मनमध्ये ससा म्हणजे ‘हाझं’, इंग्रजीत ‘हेअर’, आणि संस्कृतमध्ये ‘शश’. चंद्राला शशांक म्हणतो तो शश, आणि घरातल्या लहान मुलांच्या गोष्टीतला आपला ससा त्या शशाचाच वंशज. लॅटिनमध्ये पिकल्या केसांच्या राखाडी-पांढऱ्या रंगाला ‘कानुस’ म्हणत, तोही इथलाच. तेव्हा ‘हसू’चा अंदाज खरा असेल, तर लंडनच्या बंदरातली हेझी हवा आणि आपला ससा ही एकाच करड्या रंगाची लेकरं आहेत.

आणि इथेच मला मराठीतला ‘धूसर’ आठवतो. संस्कृतमध्ये धूसर हा रंग आहे: धुळीचा, राखाडी, करडा. कुणीतरी धुळीने भरलेल्या वाटेकडे, लांबच्या डोंगराकडे बघितलं आणि त्या रंगाचं नाव त्या दिसण्याला दिलं. इंग्रजी माणसाने समुद्राच्या कडेकडे बघून बहुधा तेच केलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता रंगावरून नाव ठेवलं. म्हणून हेझला मराठीत सर्वांत जवळचा शब्द मला नेहमी धूसर वाटत आला आहे, धुकं कधीच नाही.

तिसरा प्रश्न हेझिंगचा. मोठ्या कोशांत या ‘हेझ’ क्रियापदाची नोंद वेगळी असते, आणि तसंच योग्य आहे. १७व्या शतकात इंग्लंडच्या बोलींत ‘हेझ’ म्हणजे घाबरवणं, रागावणं. त्याचा संबंध चिडवणं, छळणं या अर्थाच्या ‘हाझे’ या जुन्या फ्रेंच क्रियापदाशी लावतात. पुढे हा शब्द जहाजांवर गेला. १८४०मध्ये छापल्या गेलेल्या एका अमेरिकन खलाशाच्या आठवणींत तो स्पष्ट समजावून सांगितला आहे: कप्तानाला एखाद्याला छळायचं असलं की त्याला विनाकारण, न संपणारं, अवघड काम देत राहायचं. १८५०च्या आसपास अमेरिकेतल्या कॉलेजांत जुने विद्यार्थी नव्यांना छळत त्याला हेच नाव पडलं. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, ज्याच्यावर महाराष्ट्राने १९९९मध्ये स्वतंत्र कायदा केला, तेच हे. भाषांतरात ‘रॅगिंग’ लिहावं. वाचकाला लगेच कळतं आणि त्यातल्या क्रौर्याचं वजनही पोहोचतं.

इथे एक खड्डा आहे, सांभाळा. अमेरिकेतल्या वन्यजीवांविषयीच्या मजकुरात ‘बायसनना हेझ केलं’ अशी वाक्यं येतात. त्याचा अर्थ हवेशीही नाही आणि रॅगिंगशीही नाही. गुराखी घोड्यावरून गुरं एका बाजूला दामटतात त्याला तिकडे हेझ म्हणत, आणि आता वस्तीत शिरलेल्या जनावरांना आवाज करून, मागे लागून हुसकावण्यालाही म्हणतात. मराठीत सरळ ‘हुसकावलं’ लिहावं.

दोन्ही हेझ खलाशांच्या तोंडी होते, हा योगायोग खरा. पण राखाडी हवा आणि छळ यांना जोडणारा पुरावा कुठे दिसत नाही. ‘डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत काम दिलं म्हणून हेझ’ अशा जुळवाजुळवीच्या गोष्टी लोक रचतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

आता शेजारच्या एका शब्दाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वर्तमानपत्रात त्याची आणि हेझची रोज सरमिसळ होते. ‘स्मॉग’. स्मोक आणि फॉग जोडून केलेला हा शब्द १९०५मध्ये हेन्री आंत्वान देस व्ह्यू या डॉक्टरांनी लंडनच्या एका परिषदेत वापरला आणि तो रूढ झाला. कोळशाचा धूर कमी व्हावा म्हणून काम करणाऱ्या संस्थेत ते होते. त्यांचा मुद्दा साधा होता: मोठ्या शहरात असं काहीतरी तयार होतं जे खेड्यात नसतं, त्याला वेगळं नाव हवं. नाव मिळालं तरी कायदा यायला अर्धं शतक लागलं. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर ते धुरकं बसलं. सुरुवातीला सुमारे ४००० मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांनी आकडा १२०००पर्यंत नेला. ब्रिटनचा स्वच्छ हवेचा कायदा १९५६चा.

मराठीने स्मॉगसाठी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. धूर आणि धुकं यांना तसंच जोडून ‘धुरकं’. उसना घेतलेला आराखडा, पण आतलं सामान सगळं घरचं, आणि तोंडात इतकं सहज बसतं की कुणी घडवलेला शब्द आहे हे जाणवतही नाही. आणखी एक गंमत अशी, की संस्कृतात ‘धूमिका’ म्हणजे धुकं, आणि आपल्याकडे धुक्याला ‘धुई’ म्हणतात तो त्याच्यातूनच आलेला. म्हणजे आपल्या पूर्वजांना धुकं दिसलं तेव्हा आधी धूरच आठवला होता. धुरक्यात तो धूर पुन्हा घरी आला. इंडोनेशियातही अशीच जोडी आहे: ‘काबुत आसाप’, काबुत म्हणजे धुकं, आसाप म्हणजे धूर.

या इंडोनेशियन नावावर जरा थांबते, कारण ‘हेझ’ हा शब्द किती मवाळ ठरू शकतो ते तिथे दिसतं. सुमात्रा आणि कालिमंतानमध्ये जमीन साफ करायला आगी लावतात. तिथली जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या पाल्याचे जाड थर, वाळले की जमिनीखालून आठवडेच्या आठवडे धुमसणारे. १९९७मध्ये एल निन्योच्या कोरड्या वर्षात त्या आगींचा धूर शेजारच्या देशांवर पसरला, पुढे २०१३ आणि २०१५मध्ये पुन्हा. २१ जून २०१३ला सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१वर गेला, जिथे ३००च्या पुढे घातक मानतात. या सगळ्याला तिथल्या सरकारी इंग्रजीत नाव आहे ‘हेझ’. आग्नेय आशियातल्या आसियान देशांनी २००२मध्ये क्वालालंपूरला जो करार केला त्याच्या नावातही सीमापार ‘हेझ’ प्रदूषण असंच आहे. इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४मध्ये. धुराच्या त्या दिवसांत माझी मावसबहीण सिंगापुरात होती. फोनवर म्हणाली, “ताई, खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलोय, घशात जळक्या लाकडाचा वास आहे.” ज्या हवेला जळक्या लाकडाचा वास येतो तिला मराठीत काय म्हणायचं? मी त्या बातम्यांत सरळ ‘धूर’ लिहिलं, आणि कराराचं नाव आलं तिथे तेवढं ‘हेझ’ ठेवलं. शेजाऱ्याच्या घरातला धूर माझ्या घरात आला असं म्हणताना जो जोर येतो तो ‘धूसरता’ म्हणताना येत नाही. कारण माहीत असेल तेव्हा कारणाचंच नाव घ्यावं, हा मी पाळलेला नियम आहे.

याच्या अगदी उलट टोकाला झाडांचा हेझ. अमेरिकेतल्या ब्लू रिजच्या डोंगररांगा आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीजवळचे ब्लू माउंटन्स यांना निळं नाव पडलं ते त्यांच्यावर पसरणाऱ्या निळसर हेझमुळे. झाडं सुगंधी वायू सोडतात, निलगिरीच्या पानांचा वास असतो त्या जातीचे. हवेत त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६०मध्ये हे मांडलं. तिथे ‘प्रदूषण’ हा शब्द वापरणं चूक, ‘धूर’ तर त्याहून चूक. ‘निळसर धूसर डोंगर’ एवढं पुरतं. अमेरिकेत मात्र राष्ट्रीय उद्यानांवर कारखान्यांचा हेझही येतो, आणि तो हटवून २०६४पर्यंत तिथली हवा निसर्गतः असते तितकी नितळ करायची असा नियम १९९९मध्ये केला गेला. एकाच डोंगरावर एकाच दुपारी हे दोन्ही हेझ असू शकतात. म्हणून आधी परिच्छेद पूर्ण वाचावा आणि मगच शब्द निवडावा.

स्वतः बघायचं असेल तर एक सोपी खूण सांगते. हेझमधून काळपट डोंगराकडे पाहिलं तर पडदा निळसर दिसतो, उजळ आकाशाकडे किंवा मावळत्या सूर्याकडे पाहिलं तर तोच पडदा पिवळट, तांबूस दिसतो. धुकं कुठूनही बघा, पांढरंच. मार्च-एप्रिलमध्ये कोकणात राब भाजतात त्या दिवसांत एखाद्या घाटमाथ्यावर उभं राहून समोरच्या रांगा बघा. पहिली रांग हिरवट, दुसरी निळसर, तिसरी नुसती रेघ, चौथी आहे असं फक्त वाटतं.

मे महिन्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा लवलवताना दिसते, तिलाही इंग्रजीत ‘हीट हेझ’ म्हणतात. तिथे कण नसतातच. गरम-गार हवेच्या थरांतून प्रकाश वाकत येतो. तिथे धूसर लिहू नका. ‘रस्त्यावरची हवा उन्हाने थरथरत होती’ असं लिहा.

तांत्रिक मजकुरात तर हा शब्द फारच वेगळं वागतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पिशव्यांसाठी प्लास्टिकची पातळ फिल्म बनवणाऱ्या एका कारखान्याचं माहितीपत्रक माझ्याकडे आलं होतं. त्यात ‘हेझ ३ टक्के’ असं होतं. मी ‘धुके ३ टक्के’ लिहिलं आणि ते तसंच छापलं गेलं. तिथल्या एका अनुभवी ऑपरेटरने मला यंत्राजवळ नेलं आणि फिल्मचा एक तुकडा छापील कागदावर धरला. चिकटून ठेवला तर अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. तोच तुकडा चार बोटं वर उचलला, आणि अक्षरांच्या कडा विरघळल्या. ते म्हणाले, “हे बघा, हा हेझ. आम्ही फिल्म दुधाळ आली म्हणतो.” फिल्ममधून पार जाणाऱ्या प्रकाशापैकी जितका प्रकाश आपल्या वाटेपासून अडीच अंशांपेक्षा जास्त भरकटतो त्याची टक्केवारी म्हणजे हा हेझ. प्रकाश अडत नाही, विखुरतो. हवेतल्या हेझचंही हेच आहे, आणि ते मला हवेकडे बघून नव्हे तर त्या चार बोटांच्या अंतरावरून समजलं. तेव्हापासून अशा पत्रकांत मी ‘हेझ’ हाच शब्द ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘म्हणजे दुधाळपणा’ असं जोडते. कारखान्यातल्या माणसाला त्याची परीक्षा ‘हेझ’ नावानेच करायची असते.

खगोलशास्त्राच्या लेखांतही जपा. शनीच्या टायटन या चंद्राभोवती नारिंगी हेझ आहे. १९८०मध्ये व्हॉयेजर १ हे यान जवळून गेलं, पण त्या थरातून पृष्ठभाग दिसला नाही. २००५मध्ये हायगेन्स हे यान खाली उतरलं तेव्हा तो पाहायला मिळाला. तो थर मिथेनवर सूर्यप्रकाश पडून बनलेल्या सेंद्रिय कणांचा आहे. ‘टायटनवर धुकं’ असं लिहिलं की वाचकाच्या मनात पाणी येतं, आणि इथे तर ते अगदीच नको.

मराठीत जे शब्द हाताशी आहेत त्यांचे कंगोरे एकदा मनात पक्के असू द्या. मळभ ढगांचं असतं. झाकोळ उजेड कमी होण्याचा असतो, ढगांमुळे असो वा संध्याकाळ झाल्यामुळे. हवा कुंद असते तेव्हा ती दमट आणि कोंदलेली असते, वारा पडलेला असतो. धुरकट आणि धुळकट यांत कारण सांगितलेलं आहे. धूसर कारण सांगत नाही, फक्त दिसणं सांगतो, आणि म्हणून हेझच्या बहुतेक जागा तोच भरतो. आठवणींवर, मनावर येणाऱ्या हेझलासुद्धा ‘धूसर आठवण’ आपल्याकडे किती सहज चालते. एका शब्दापासून मात्र दूर राहा. हिंदी बातम्यांतला ‘धुंध’ हल्ली मराठी मजकुरात तसाच उतरवला जातो. आपल्या वाचकाला ‘धुंद’ म्हटलं की नशा, सुगंध, पावसाळी संध्याकाळ आठवते. दिल्लीतल्या दमेकऱ्यांच्या बातमीत तो शब्द फार बोचतो.

आता तुमचं वाक्य. तुम्ही तीन खर्डे पाठवलेत: ‘दुपारभर दरीवर धुके लटकत होते’, ‘दुपारभर दरीवर धूसरतेचे सावट होते’ आणि ‘दुपारभर दरीवर एक धूसर आवरण पसरले होते’. पहिल्यात पाणी शिरलं आहे, आणि दुपारी त्या दरीत ऊन होतं असं मूळ परिच्छेदच सांगतो. दुसऱ्यात सावट आल्याने काहीतरी अशुभ घडणार असं वाटू लागतं. तिसरा बरा आहे, पण तो अजून इंग्रजीतच उभा आहे. तुम्ही हेझसाठी नाम शोधत राहिलात म्हणून ‘आवरण’ आणावं लागलं. इंग्रजीला नाम मिळालं ते १७०६च्या सुमाराला, त्याआधी ८० वर्षं तिचे खलाशी विशेषणावरच भागवत होते, आणि त्यांना समुद्र दिसत होता तसा सांगता येत होता. मराठी आजही तेच करते. आपण हवेला वस्तू लटकवत नाही, हवा कशी झाली ते सांगतो. त्या लेखकाने पुढच्याच वाक्यात शेतातला पेंढा जाळत असल्याचं म्हटलं आहे, तेव्हा इथे कारणही हाताशी आहे. मी असं लिहीन: ‘दुपारभर दरी धुरकटलेली होती.’